तपकिरी गाळाची बदनामी

मागच्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आरओ विकणारा आला. नळाच्या पाण्याच्या ग्लासात सळ्यांचं उपकरण बुडवून त्यानं बटण दाबलं. मिनिटभरात पाणी तपकिरी, वर गाळाचा थर. शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी जसंच्या तसं. ‘‘बघा काकू, हे पिता तुम्ही!’’

शुद्ध हातचलाखी. गाळ नळातून आलेलाच नव्हता. वीज वाहू लागली की लोखंडी सळीच झिजते आणि तिचं आयर्न हायड्रॉक्साइड होतं. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी, की वीज फारशी वाहतच नाही.

पण ज्याला त्यानं ‘घाण’ म्हटलं, तो गाळ पाण्यातलं शिसं आणि आर्सेनिक पकडण्यात पटाईत आहे! याला म्हणतात अधिशोषण. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण. अधिशोषणात पदार्थ नुसता अंगाला चिकटतो. म्हणून अंग मोठं हवं. ताज्या गाळाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग काही शे चौरस मीटर असतो, म्हणजे पुण्यातले चार-पाच टूबीएचके सहज.

या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, असतात. शिशाचा धनभारित आयन येतो, हायड्रोजनला उठवतो आणि ऑक्सिजनशी बंध जोडतो. पाणी आम्लधर्मी असेल तर मात्र पुण्याच्या सिटी बससारखी गत: हायड्रोजन आयनांनी आधीच रुमाल टाकून जागा धरलेल्या, शिसं खालीच. सामू (पीएच) 6-7 कडे सरकला की जागा मिळते. आर्सेनेट आणि क्रोमेट, म्हणजे आर्सेनिक आणि क्रोमियमची ऑक्सिजनशी जोडलेली रूपं, यांचं उलटं. ते ऋणभारित. कमी सामूला पृष्ठभाग धनभारित होतो, तेव्हा ते खुशीत चिकटतात. आर्सेनेट तर अख्खा हायड्रॉक्सिल गट हुसकून त्याच्या जागी बसतं. त्यामुळे भोसरीतल्या एखाद्या प्लेटिंगवाल्याच्या सांडपाण्यात शिशासारखंच धनभारित निकेल आणि सहा संयुजेचं क्रोमियम (म्हणजे क्रोमेट) दोन्ही असेल, तर एकाच सामूला दोघांना नीट पकडता येत नाही.

शिवाय या बसमध्ये उभ्यानं प्रवास नाही. एका जागी एकच आयन, थर एकच, ही आयर्विंग लँगम्यूरची कल्पना. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्याला 1932 चं नोबेल मिळालं. जागा भरल्या की गाळ संपृक्त. धातू नाहीसा होत नाही, फक्त पाण्यातून गाळात जातो, आणि तो गाळ मग जपून हाताळावा लागतो.

आमच्या नळाच्या त्या ग्लासात शिसं असतंच, तर बरंचसं त्या गाळानं तिथेच धरलं असतं. काकूंनी ग्लास मोरीत ओतला आणि यंत्राची किंमत विचारली.