मध्यम पल्ल्याची धाव आणि माणदेश

मध्यम पल्ल्याची धाव म्हणजे साधारण 800 ते 3000 मीटरच्या शर्यती. 800 आणि 1500 मीटर ऑलिम्पिकमध्ये आहेत, मैलाची शर्यत तिथं नाही पण तिचा विश्वविक्रम अजून नोंदवला जातो. वाद आहे तो 3000 मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायच्या शर्यतीचा, ती मध्यम पल्ल्यात धरायची की नाही.

ही शर्यत घोड्यांच्या शर्यतीवरून आली, एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओढे, कुंपणं ओलांडत जायचं, त्यासाठी आयर्लंडमधली 1752 ची शर्यत सांगतात. माणसं कधी पळायला लागली ते नेमकं ठरवणं अवघड, बहुतेक जण 1850 च्या आसपास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांकडे बोट दाखवतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. ऑलिम्पिकमध्ये 1900 पासून, 3000 मीटर हे अंतर मात्र 1920 पासून. बायकांना ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत थेट 2008 ला मिळाली, म्हणजे फारच उशिरा. 28 अडथळे आणि 7 पाणउड्या. अडथळा जड असतो, पाय अडकला तरी हर्डल शर्यतीतल्या अडथळ्यासारखा आडवा होत नाही, वर पाय ठेवून गेलेलं चालतं. पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढं उथळ होत जातो, म्हणून जो लांब उडी टाकतो त्याचे पाय कमी भिजतात आणि वेग कमी तुटतो.

आता ही मध्यम पल्ल्याची की लांब? काही जण हिला वेगळ्याच गटात ठेवतात, काही जण 5000 मीटरसोबत. पण अंतर बघितलं तर मध्यमच म्हणणं बरं. धावपटूच्या करिअरला मात्र हे कप्पे लागू होत नाहीत आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सातारा जिल्ह्यातलं आहे.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, 'माणदेशी एक्सप्रेस'. माण तालुका दुष्काळी, माणदेश म्हणताना लोक त्यात खटाव, सांगलीची आटपाडी आणि सोलापूरचा सांगोलाही धरतात. ललितानं सुरुवात लांब पल्ल्यापासून केली, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत सलग तीनदा जिंकली आणि मग पल्ला कमी करून स्टीपलचेसला आली. 2015 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये तिची वेळ 2:38:21, म्हणजे किलोमीटरला साधारण 3 मिनिटं 45 सेकंद, तर स्टीपलचेसमध्ये अडथळे धरूनसुद्धा किलोमीटर 3:07 च्या आत. एकाच माणसानं दोन्ही करणं ही फार मोठी गोष्ट आहे. 2014 ला इंचॉनच्या एशियाडमध्ये ब्राँझ, 2015 ला वुहानमध्ये आशियाई सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आठवी. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 9:19.76 हा राष्ट्रीय विक्रम करून फायनलला गेली आणि दहावी आली, पी. टी. उषाच्या 1984 च्या फायनलनंतर 32 वर्षांनी.

अशा धावपटूला प्रोफेशनल म्हणायचं, तर प्रोफेशनल म्हणजे नुसत्या बक्षिसावर जगणारा, हा अर्थ आपल्याकडे सहसा बसत नाही. धावपटू रेल्वे, पोलीस, आर्मी अशा नोकरीच्या आधारावर पळतो. ललिता रेल्वेत होती, पुढं राज्य सरकारनं तिला महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं. तिचा विक्रम पारुल चौधरीनं 2023 ला बुडापेस्टमध्ये 9:15.31 वेळ देऊन मोडला.