व्हीएमची डिस्क इमेज: रिकामी जागा खालपर्यंत कशी कळली

व्हर्च्युअल मशीनसाठी (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) १० जीबीची डिस्क घेतली आणि तिच्यात दीड जीबीची सिस्टिम बसवली, तरी वाटपासाठी तयार झालेली इमेज, म्हणजे त्या डिस्कची फाइल, काही शे एमबीत मावते. याचं श्रेय सहसा कॉम्प्रेशनला दिलं जातं, पण कॉम्प्रेशनचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी कोणते ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) रिकामे आहेत हे कळावं लागतं. फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला, ते ठाऊक असतं, तिच्या खालच्या डिस्कला नसतं. त्या डिस्कची फाइल ज्या खऱ्या मशीनवर राहते, त्या होस्टला तर अजिबात नसतं. इमेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमधल्या बऱ्याच ओळी ही माहिती वरून खाली पोचवण्यासाठीच असतात.

पाया युनिक्समध्ये आहे. तिथे फाइलच्या शेवटापलीकडे उडी मारून लिहिता येतं. मधला न लिहिलेला भाग डिस्कवर जागा घेत नाही, आणि वाचायला गेलं तर शून्यं मिळतात. ही झाली स्पार्स फाइल. आजही स्क्रिप्टची सुरुवात बहुधा ट्रंकेट कमांडने अशी फाइल करून होते: फाइलचा आकार सांगणारं एलएस १० जीबी दाखवतं, डिस्कवर घेतलेली जागा सांगणारं डीयू शून्य. युनिक्समधलीच जुनी, प्रत काढणारी डीडी कमांड मात्र डिस्क उचलताना काही निवडत नाही. पुसलेल्या फाइलींचे अवशेषसुद्धा ती इमानेइतबारे नव्या प्रतीत नेते. १९९६ मध्ये न्यूझीलंडमधून आलेलं घोस्ट हे डिस्कची प्रत काढणारं साधन लोकप्रिय झालं ते याच उणिवेमुळे. ते फाइलसिस्टिम वाचायचं आणि वापरातला भागच उचलायचं.

१९९९ मध्ये व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं आणि डिस्क ही फाइल असते ही कल्पना डेस्कटॉपवर रुळली. त्याचं व्हीएमडीके, व्हर्च्युअल पीसीचं व्हीएचडी, व्हर्च्युअलबॉक्सचं व्हीडीआय या सगळ्या इमेज-प्रकारांची युक्ती एकच: ब्लॉक पहिल्यांदा लिहिला जाईल तेव्हाच फाइल वाढवायची. फाब्रिस बेलार्डने २००३ मध्ये क्यूएमू हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. त्याच्या क्यूकाउ२ प्रकारात डिस्कचे ६४ केबीचे क्लस्टर, म्हणजे तुकडे, पाडतात आणि कोणता क्लस्टर फाइलमध्ये कुठे आहे याची नोंद दोन पातळ्यांच्या तक्त्यांत ठेवतात. दुसऱ्या पातळीच्या एका तक्त्यात ८ बाइटच्या ८,१९२ नोंदी मावतात, म्हणजे एक तक्ता ५१२ एमबी डिस्क सांभाळतो. नोंदच नसेल तर तो भाग रिकामा.

या प्रकारात कॉम्प्रेशनही आहे, आणि गैरसमज बहुतेक इथेच होतात. डिस्क कुठूनही वाचता यायला हवी, म्हणून प्रत्येक क्लस्टर वेगळा दाबला जातो. त्यामुळे दूर अंतरावरच्या सारख्या मजकुराचा फायदा मिळत नाही. शिवाय दाबलेल्या क्लस्टरवर गेस्टने, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमने, नव्याने लिहिलं, की तो न दाबताच दुसरीकडे लिहिला जातो. चालू मशीनची फाइल त्यामुळे फुगत जाते. म्हणून कॉम्प्रेशन करायचं ते अगदी शेवटी, इमेज नव्या फाइलमध्ये कन्व्हर्ट करताना. आणि इमेज नंतर एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाने दाबणारच असाल, तर क्यूकाउ२ चं अंतर्गत कॉम्प्रेशन बंदच ठेवा. आधीच दाबलेल्या मजकुरातून एक्सझेडला काढण्यासारखं फारसं उरत नाही.

या फाइली वाढायच्या, पण कमी होत नव्हत्या. गेस्टने १ जीबीची फाइल पुसली तर बदलत होते फक्त फाइलसिस्टिमचे हिशेब. जुना मजकूर ब्लॉकमध्ये तसाच राहायचा. त्यावरचा जुना उपाय म्हणजे आत जाऊन डिस्क भरेपर्यंत शून्यांची फाइल लिहायची, ती पुसायची आणि मग इमेज कन्व्हर्ट करायची. उपाय चालतो, पण महागात पडतो. लिहिताना इमेज पूर्ण आकाराला फुगते, आणि होस्टवर तेवढी जागा नसेल तर काम अर्ध्यावर थांबतं. कच्ची (डिस्क जशीच्या तशी उतरवलेली) इमेज थेट जीझिप या कॉम्प्रेशनच्या साधनाला दिली, तरी शून्यं फुकटात जात नाहीत. त्याच्या डिफ्लेट पद्धतीची कमाल मर्यादा सुमारे १,०३२ ला १ आहे, म्हणजे १० जीबी शून्यांचेही जवळपास १० एमबी होतात. झिरोफ्री हे साधन एक्स्ट फाइलसिस्टिममधले मोकळे ब्लॉक शोधून, जिथे शून्य नाही तिथेच शून्य लिहितं. फुगवटा त्याने बराच टळतो.

खरी सुटका झाली ती एसएसडीसाठी केलेल्या कामामुळे. हा ब्लॉक आता नको, असं डिस्कला सांगणारा डिसकार्डचा निरोप त्यांच्यासाठी आला होता. २०११ मध्ये लिनक्स २.६.३८ ने फाइलच्या मध्यभागी भोक पाडण्याची सोय दिली आणि साखळी जुळली. आता माउंट केलेल्या इमेजवर एफएसट्रिम (मोकळ्या ब्लॉकसाठी डिसकार्ड पाठवणारी कमांड) चालवलं, की लूप डिव्हाइस, म्हणजे फाइलला डिस्कसारखं दाखवणारी सोय, तो निरोप मागच्या फाइलपर्यंत नेतं आणि ब्लॉक होस्टला परत मिळतात. चालू गेस्टमधून हेच करायचं तर क्यूएमूला डिस्क देताना डिसकार्ड सुरू ठेवावं लागतं. व्हर्टआयओ ब्लॉक या व्हीएमसाठीच्या डिस्कप्रकाराला ही सोय लिनक्स ५.० आणि क्यूएमू ४.० मध्ये, म्हणजे २०१९ साली मिळाली. तोवर व्हर्टआयओ स्कझी हा दुसरा प्रकार निवडणं हा नेहमीचा मार्ग होता.

बूटचा इतिहास याहून हट्टी आहे, कारण तिथे बराच काळ फाइलीच्या नावापेक्षा जागेला महत्त्व होतं. एमबीआरच्या, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या, ५१२ बाइटमध्ये बूट कोडला ४४६ बाइट मिळतात. लिलो हा जुना बूटलोडर (सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम) कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, ब्लॉकचे पत्ते लिहून ठेवायचा, त्यामुळे कर्नेल बदलून लिलो पुन्हा चालवायचं राहिलं तर मशीन उठायचं नाही. नंतरचा बूटलोडर ग्रब स्वतःचा पुढचा भाग एमबीआर आणि पहिल्या पार्टिशनमधल्या फटीत ठेवतो. पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं तेव्हा ही फट ३१ केबीची होती. जुन्या स्क्रिप्टमध्ये माउंटच्या ओळीत दिसणारा ३२,२५६ हा ऑफसेट तिथलाच, ६३ गुणिले ५१२. आता सुरुवात २,०४८ व्या सेक्टरला, म्हणजे १ एमबीवर होते, आणि पार्टिशन शोधण्याचं काम लूप जोडणारी लोसेटअप कमांड करते. जीपीटी या नव्या पार्टिशन-तक्त्याच्या नोंदी त्याच फटीत बसतात, म्हणून बायोस या जुन्या फर्मवेअरने उठणाऱ्या जीपीटी इमेजमध्ये ग्रबसाठी १ एमबीचं वेगळं बूट पार्टिशन लागतं. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमध्ये बूटची नोंद मशीनच्या फर्मवेअरमध्ये राहते, इमेजसोबत ती जात नाही. बूटलोडर ठरलेल्या पर्यायी मार्गावर, ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात, ठेवला नाही तर नव्या मशीनला तो सापडत नाही.

२००६ मध्ये ॲमेझॉनची ईसी२ ही भाड्याने व्हीएम देणारी सेवा सुरू झाली आणि एका इमेजमधून हजारो मशीन उठू लागली. हाताने बसवलेल्या सिस्टिमचे दोष तिथे उघडे पडले: दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या एसएसएच होस्ट की सगळ्यांच्या सारख्या, मशीन आयडी सारखा, लॉगमध्ये बनवणाऱ्याच्या खुणा. स्क्रिप्टची सक्ती झाली ती यातून. मग दोन वाटा पडल्या. एका वाटेत इन्स्टॉलर व्हीएममध्ये उठवून त्याला उत्तरं पुरवतात. २०१३ चं पॅकर हे इमेज बनवणारं साधन तर बूटच्या वेळी कळाही स्वतःच दाबतं. दुसऱ्या वाटेत इमेज लूपवर माउंट करून डेबूटस्ट्रॅप या साधनाने पॅकेजं भरतात आणि च्रूटमध्ये, म्हणजे त्या इमेजलाच मूळ फोल्डर मानून, बूटलोडर बसवतात. ही वाट वेगवान आहे आणि आम्ही तीच निवडू, पण तिच्यात होस्टची घाण इमेजमध्ये झिरपते. च्रूटमध्ये होस्टचा डेव्ह (डिव्हाइसांचा) फोल्डर जोडलेला, म्हणजे बाइंड केलेला, नसेल, तर ग्रबला यूयूआयडीचे (फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाचे) दुवे सापडत नाहीत आणि तो रूट म्हणून लूप डिव्हाइसचंच नाव लिहून मोकळा होतो. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) होस्टच्या हार्डवेअरपुरतं बनवलं, तर व्हर्टआयओचे ड्रायव्हर गळतात आणि बूट आणीबाणीच्या शेलवर अडकतं. एक्स्ट फाइलसिस्टिम बनवणाऱ्या, २०२३ च्या ई२एफएसप्रोग्ज १.४७.० ने काही नवी फीचर मुळातच चालू केली. जुन्या ग्रबला ती ओळखता येत नसल्याने, नव्या होस्टवर जुन्या वितरणाची इमेज बनवताना फॉरमॅट करतेवेळीच ती बंद करावी लागतात.

साफसफाईचा क्रम चुकवू नये. आधी पॅकेजांचा कॅश आणि होस्ट की काढायच्या. की पहिल्या बूटला पुन्हा तयार होतील अशी व्यवस्था हवी, नाहीतर एसएसएच सुरूच होत नाही. मशीन आयडीची फाइल काढायची नाही, फक्त रिकामी करायची. मग एफएसट्रिम, अनमाउंट आणि लूप सोडणं. लूप जोडलेलं असतानाच कन्व्हर्ट केलं तर अर्धवट लिहिलेली फाइलसिस्टिम इमेजमध्ये जाते.

कॉम्प्रेशनच्या साधनांत जीझिपची सारखा मजकूर शोधायला मागे बघण्याची कक्षा ३२ केबी आहे, एक्सझेडची कित्येक एमबी. एक्सझेड सर्वांत लहान फाइल देतं, पण उघडायला हळू आहे. २०१६ चं झेडस्टँडर्ड फाइल थोडी मोठी देतं आणि कैक पटींनी वेगात उघडतं. लाँग पर्याय २७ वर ठेवला तर कक्षा १२८ एमबी होते. त्यापुढे गेलात तर उघडणाऱ्यालाही तसा पर्याय द्यावा लागतो. एकदा बनवून शेकडो वेळा उघडायच्या इमेजला झेडस्टँडर्डच योग्य. पाइपमधून उघडताना भोकं (फाइलमधले रिकामे भाग) शून्यांनी बुजतात, तेव्हा शेवटी डीडीला स्पार्स रूपांतर सांगावं. इमेज मोठ्या डिस्कवर गेली, की जीपीटीची डिस्कच्या टोकाला असलेली राखीव प्रत मध्येच अडकलेली राहते. एसजीडिस्कने ती टोकाला हलवायची, ग्रोपार्टने पार्टिशन वाढवायचं आणि त्यानंतरच फाइलसिस्टिम.