शाळेची खोली कोणाच्या पैशाची?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीत ऑइलपेंटने रंगवलेली देणगीदारांची यादी आहे. कोणी ५०१, कोणी १००१, एकाने वीस पोती सिमेंट, आणि सगळ्यात खाली ‘महिला बचत गट – फरशी’. पाहुणे यादी कौतुकाने वाचतात. मला मात्र दर वेळी वाटतं, सरकारी शाळेच्या भिंतीवर ही यादी लागलीच का? हा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंडाचा उपकर बसला. त्यातला एक तृतीयांश हिस्सा शाळांसाठी, बाकीचा रस्ते, विहिरी वगैरेंसाठी. म्हणजे खेड्यातला कुणबी शाळेचे पैसे आधीच भरत होता. शाळा मात्र फार थोड्या गावांत पोचली, आणि जिथे पोचली तिथे ती बऱ्याचदा देवळात, चावडीत किंवा धर्मशाळेत भरायची. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच दाखवलं: सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, आणि इलाख्यातली जवळजवळ नऊ दशांश खेडी प्राथमिक शिक्षणाविना आहेत. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण द्या, ही मागणीही त्यातच होती. फुले मदत मागत नव्हते, हिशेब मागत होते. शाळेसाठी निधी मागण्याची आपल्याकडची परंपरा तिथून सुरू होते, असं मी मानतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा खर्चासाठी पट्टी बसवली. पट्टी आणि वर्गणी यांत फरक आहे. पट्टी सगळ्यांकडून घेतली जाते आणि तिचा जाब विचारता येतो. वर्गणी देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि गावातल्या पुढाऱ्याच्या वजनावर चालते.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि ‘शाळेला खोली’ हे निवडणुकीतलं आश्वासन झालं.

१९८७ च्या खडू-फळा मोहिमेचं उद्दिष्ट आज वाचलं तर हसावं की रडावं कळत नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेला बऱ्यापैकी मोठ्या, सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या! स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी एवढंच मागावं लागत होतं. पुढे सर्व शिक्षा अभियानात बांधकामाला खर्चाच्या ३३ टक्क्यांची मर्यादा घालून पैसा आला आणि काम गावच्या समितीकडे गेलं. गावाचं लक्ष राहिल्याने काही ठिकाणी बांधकाम खरंच चांगलं झालं. पण मुख्याध्यापक मुकादम झाले. वाळूची ट्रॉली आली का, सळई किती एमएमची, सेंट्रिंगवाला आज येणार की उद्या, हे सगळं गणिताच्या तासाला चालायचं.

मागणीची भाषा बदलली ती शिक्षण हक्क कायद्याने. १ एप्रिल २०१० पासून शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, संरक्षक भिंत हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात आलं; मुदत तीन वर्षांची, ३१ मार्च २०१३ पर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा. ‘विनंती अर्ज’ लिहिणारे पालक आता या आराखड्याचं कलम २२ दाखवू लागले. मुदत टळून गेली, खोल्या मात्र सगळीकडे झाल्या नाहीत. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाल्यावर लोकवर्गणीला पुन्हा बहर आला. रंगवलेल्या भिंती, टॅब, प्रोजेक्टर यांचे फोटो फिरू लागले. कौतुक खरं होतं. पण प्रोजेक्टर लावलेल्या भिंतीवरचं छप्पर कोण बघणार?

२८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं दगावली. त्यानंतर धोकादायक खोल्यांची चर्चा राज्यभर झाली, आणि ‘निर्लेखन’ हा शब्द पालकांच्या तोंडी बसला. निर्लेखन म्हणजे अभियंत्याने खोली वापरायला अयोग्य ठरवली की ती नोंदवहीतून कमी करून पाडायची. अडचण इथूनच सुरू होते. जुनी खोली कागदावरून जाते, नवी कागदावर यायला ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि जिल्हा नियोजनाचा निधी अशी रांग लागते. तोवर चौथीचा वर्ग समाजमंदिरात भरतो. लग्नसराईत त्यालाही सुट्टी.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने दत्तक शाळा योजना आणली. देणगीदारांनी, कंपन्यांनी शाळांना वस्तू आणि सुविधा द्याव्यात, मोठी मदत केल्यास त्यांचं नाव शाळेच्या नावाला जोडायची मुभा. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला.

आमच्या ओसरीतल्या यादीत एकाही कंपनीचं नाव नाही. गेल्या ग्रामसभेत नव्या खोलीचा विषय निघाला, तेव्हा एका आजींनी विचारलं, ‘पट्टी घेताय तवा पावती देताय, मग खोलीला पुन्यांदा वर्गणी कशाला?’ ग्रामसेवकांनी हे ठरावात लिहिलं नाही. ठरावात फक्त ‘लोकसहभागातून’ एवढंच आलं.