ख्रिस्ताचा अंतर्वास

पुनरुत्थित येशू ख्रिस्त श्रद्धावंताच्या ठायी वास करतो आणि त्याचेच जीवन श्रद्धावंताच्या जगण्यातून प्रकटते, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा व तिच्यामागचा अनुभव. गुरूच्या आचरणाचा कित्ता गिरवणे किंवा त्याची शिकवण स्मरणात ठेवणे एवढाच अर्थ येथे अभिप्रेत नाही. जो मरण पावला व मरणातून उठला, तो आज माणसाच्या आत जगतो, असे हे विधान आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट या तिन्ही परंपरांना ते मान्य आहे. हा वास कोणत्या स्वरूपाचा, तो कशाच्या द्वारे घडतो आणि पापक्षमेशी त्याचे नाते काय, याविषयी मात्र त्यांच्यात जुने मतभेद आहेत.

या श्रद्धेचा सर्वांत ठळक उच्चार आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या, बायबलच्या नव्या करारातील पत्रात (२:२०) आढळतो. आपण ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळलेले आहोत, आता आपण जगत नसून ख्रिस्त आपल्या ठायी जगतो, असे पौल तेथे म्हणतो. पत्राचा काळ वादग्रस्त आहे. ‘गलतिया’ म्हणजे आशिया मायनरच्या दक्षिण भागातील रोमन प्रांतविभाग असे मानणारे ते इ. स. ४८-४९ च्या सुमारास नेतात. उत्तरेकडील मूळ गलती लोकांचा प्रदेश मानणारे ते पाचव्या दशकानंतर, ५३ ते ५६ च्या दरम्यान ठेवतात. कोणतेही मत घेतले तरी हे वचन चारही शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या ग्रंथांच्या, लेखनापूर्वीचे ठरते, आणि ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढीतच ही भाषा प्रचलित होती हे त्यावरून दिसते.

वचनाचा संदर्भ सहसा दुर्लक्षिला जातो. ते एकांतातील ध्यानातून आलेले नाही. पंक्तिभेदाच्या वादातून आले आहे. सिरियातील अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र यहूदीतर ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा नेता याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून बाजूला झाला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. त्याच युक्तिवादाच्या शेवटी हे वचन येते. नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या यहूदी धर्मनियमांच्या, बळावर उभा असलेला ‘मी’ ख्रिस्ताबरोबर मेला, तेव्हा त्या ‘मी’ने राखलेले सोवळेही मेले, असा त्याचा रोख आहे. पुढे गूढवादी वाङ्मयात या वचनाचे जे एकाकी, अंतर्मुख रूप झाले, त्यात पंगतीचा हा संदर्भ पुष्कळदा हरवला.

मूळ ग्रीकमध्ये ‘खिळलेला आहे’ या क्रियापदाचे रूप पूर्ण झालेल्या, पण परिणाम टिकून असलेल्या क्रियेचे आहे, आणि मराठी भाषांतराने ते नेमके पकडले आहे. ‘मी जगत नाही’ असे म्हटल्यावर लगेच पुढच्या वाक्यांशात ‘आता मी देहात जे जगतो’ असा ‘मी’ परत येतो, हेही लक्षात घ्यावे लागते. व्यक्ती विरघळून जाते असे पौलाला म्हणायचे असते, तर हा दुसरा ‘मी’ तेथे नसता. त्याच वचनातील ‘देवाच्या पुत्राचा विश्वास’ या षष्ठीयुक्त पदाचा अर्थ ‘पुत्रावर ठेवलेला विश्वास’ की ‘पुत्राने दाखवलेली निष्ठा’, हा वाद रिचर्ड हेज यांच्या १९८३ मधील अभ्यासामुळे नव्याने पेटला. ‘पुत्रावरील विश्वास’ असे म्हणून रूढ मराठी भाषांतराने पहिला पक्ष घेतला आहे. दुसरा अर्थ स्वीकारला तर अंतर्वासाची कल्पना अधिक गडद होते, कारण मग श्रद्धावंताचा विश्वासदेखील त्याच्यात जगणाऱ्या ख्रिस्ताचाच ठरतो.

पौलाच्या लेखनात ‘ख्रिस्त माझ्यामध्ये’ या धर्तीची वाक्ये थोडी आहेत (रोम. ८:१०, २ करिंथ. १३:५, कलस्सै. १:२७). ‘ख्रिस्तामध्ये’, ग्रीकमध्ये ‘एन ख्रिस्तो’, हा उलट दिशेचा प्रयोग मात्र विपुल आहे. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १८९२ च्या प्रबंधात ‘प्रभूमध्ये’ यासारखे पर्याय धरून त्याची १६४ उदाहरणे मोजली. दोन्ही दिशा एकाच नात्याच्या आहेत, हे स्पष्ट करण्यासाठी त्यांनी हवेचा दृष्टांत दिला: आपण हवेत असतो आणि हवा आपल्या आत असते. दृष्टांत आकर्षक असला तरी तो ख्रिस्ताला व्यक्तीऐवजी तत्त्व बनवतो, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. रोमकरांस पत्रात (८:९-११) ‘देवाचा आत्मा’, ‘ख्रिस्ताचा आत्मा’ आणि ‘ख्रिस्त’ हे तिन्ही श्रद्धावंतात राहतात असे सलग तीन वचनांत आलटून पालटून म्हटले आहे. अंतर्वास पवित्र आत्म्याच्या द्वारे घडतो, हे सर्व संप्रदायांना मान्य असलेले स्पष्टीकरण याच उताऱ्यावर उभे आहे.

इफिसकरांस पत्रात (३:१७) ख्रिस्ताने अंतःकरणात वस्ती करावी अशी प्रार्थना आहे. तेथील क्रियापद कायमच्या वास्तव्याचे आहे. पाहुण्याच्या मुक्कामासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता. हे पत्र पौलाचे स्वतःचे की त्याच्या शिष्यवर्तुळातील, याबद्दल एकमत नाही. कलस्सैकरांस पत्रातील ‘तुमच्यामध्ये ख्रिस्त’ हे पद अनेकवचनी आहे. त्याचा अर्थ ‘तुम्हा प्रत्येकाच्या आत’ असाही होतो आणि ‘तुम्हा मंडळीच्या दरम्यान’ असाही. इतर अनेक भाषांना येथे एक अर्थ निवडावा लागतो. मराठीच्या ‘मध्ये’ने दोन्ही राखले आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच विचार द्राक्षवेल आणि फाटे यांच्या रूपकातून येतो. पंधराव्या अध्यायाच्या ४ ते १० या सात वचनांत ‘राहणे’ हे एकच क्रियापद १० वेळा आले आहे. फाट्यात रस वेलीचाच असतो, पण फाटा म्हणजे वेल नव्हे. सहाव्या अध्यायात हेच क्रियापद ख्रिस्ताचे शरीर खाण्याशी व रक्त पिण्याशी जोडलेले असल्याने (६:५६) प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याचा, संस्कार हे अंतर्वासाचे साधन ठरले.

या कल्पनेचा उगम कोठला, यावर विसाव्या शतकात मोठा खल झाला. विल्हेल्म बूसेट यांनी १९१३ मध्ये असा सिद्धांत मांडला की ‘प्रभू ख्रिस्त’ ही उपासना ग्रीकभाषक मंडळ्यांत घडली व पौलाच्या गूढानुभवाची भाषा तिच्यातूनच आली. मरून उठणाऱ्या देवतेशी दीक्षिताने एकरूप होणे, हे ग्रीक जगातील गुप्त दीक्षापंथांचे सूत्र त्यामागे असल्याचे त्या काळच्या धर्मेतिहासकारांचे मत होते. त्या पंथांविषयीचा तपशीलवार पुरावा बहुतांशी इ. स. दुसऱ्या शतकातील व नंतरचा आहे, ही या मताची मोठी अडचण. आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९३० मध्ये याच्या उलट भूमिका घेतली. त्यांच्या मते पौलाचे मूळ यहूदी युगान्तविचारात, म्हणजे जगाच्या अंतकाळाविषयीच्या विचारात आहे: मसीहा (देवाने पाठवायचा उद्धारक) व त्याचे लोक यांचे भवितव्य एकत्र बांधलेले असते, म्हणून मसीहाचे मरण व उत्थान हे त्याच्या लोकांतही आताच घडू लागते. पौलात देवाशी थेट ऐक्याची भाषा नाही, केवळ ख्रिस्ताशी ऐक्याची आहे, हे श्वाइट्झर यांचे निरीक्षण आजही टिकून आहे. रूडोल्फ बुल्टमान यांनी ‘ख्रिस्तामध्ये’ हे सूत्र मंडळीच्या सदस्यत्वाचे वाचक मानले आणि गूढवाद जवळजवळ नाकारला. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये ‘सहभाग’ हाच पौलाच्या विचाराचा गाभा असल्याचे प्रतिपादले. या सहभागाला खरा मानावा लागतो, पण तो समजून घेण्यासाठी आपल्याजवळ योग्य वैचारिक संकल्पना नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. आजचे बहुतेक अभ्यासक दीक्षापंथांपेक्षा यहूदी पार्श्वभूमीला अधिक वजन देतात, आणि उपलब्ध पुरावा पाहता तेच अधिक सयुक्तिक वाटते.

प्राचीन चर्चमध्ये अंत्युखियाचा इग्नाशियस (मृत्यू बहुधा दुसऱ्या शतकाच्या आरंभी) इफिसच्या ख्रिस्ती लोकांना ‘ख्रिस्तवाहक’ म्हणतो. ओरिजेनने ख्रिस्त भक्ताच्या आत्म्यात जन्म घेतो ही कल्पना विकसित केली. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने प्रभुभोजनातील ऐक्याला वितळलेल्या मेणात मिसळलेल्या दुसऱ्या मेणाची उपमा दिली. पूर्वेकडील परंपरेत हा विचार ‘देवत्वात सहभाग’ या सिद्धांतात विलीन झाला. ग्रेगरी पालामास (सु. १२९६–१३५९) याने देवाचे अगम्य सारतत्त्व व त्याच्या प्रकट शक्ती यांत भेद करून माणूस शक्तींत सहभागी होतो, सारतत्त्वात नव्हे, असे मांडले. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या परिषदांनी त्याला पाठिंबा दिला. पश्चिमेत माइस्टर एकहार्ट या जर्मन गूढवाद्याने आत्म्यातील शब्दजन्मावर, म्हणजे देवाचा शब्द असलेला पुत्र माणसाच्या आत्म्यात जन्मतो यावर, प्रवचने केली. त्याची २८ विधाने १३२९ मध्ये पोपने दोषी किंवा संशयास्पद ठरवली. आविलाच्या तेरेसाने १५७७ मध्ये आत्म्याला सात दालनांच्या गढीचे रूपक दिले, ज्याच्या गाभ्यात राजा राहतो.

सोळाव्या शतकातील, प्रॉटेस्टंट पंथ जन्माला घालणाऱ्या धर्मसुधारणेनंतर प्रश्न नेमका झाला: देव माणसाला नीतिमान ठरवतो तो बाहेरून लाभलेल्या ख्रिस्ताच्या पुण्यामुळे, की आत राहणाऱ्या ख्रिस्तामुळे? मार्टिन ल्यूथर यांनी गलतीकरांस पत्रावरील व्याख्यानांत (१५३१, मुद्रण १५३५) विश्वासातच ख्रिस्त हजर असतो असे म्हटले होते. अंगठीच्या कोंदणात खडा असावा तसा विश्वास ख्रिस्ताला धरून ठेवतो, हा त्यांचा दृष्टांत आहे. न्यूरेंबर्गचे धर्मसुधारक आंद्रेआस ओसिआंडर (१४९८–१५५२), म्हणजे कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाला निनावी प्रस्तावना जोडणारे तेच, १५४९ मध्ये प्रशियातील क्योनिग्सबर्गला आले. माणूस नीतिमान ठरतो तो त्याच्यात वसणाऱ्या ख्रिस्ताच्या दैवी स्वभावामुळे, असा सिद्धांत त्यांनी तेथे मांडला. ल्यूथर यांचे सहकारी मेलांक्थॉन आणि त्यांच्या पक्षाने कडाडून विरोध केला. वाद इतका विकोपाला गेला की ओसिआंडरचे अनुयायी व जावई योहान फुंक यांना राजकीय आरोपांसह १५६६ मध्ये देहदंड झाला. जॉन कॅल्व्हिन यांनी १५५९ च्या आपल्या मुख्य ग्रंथाच्या अंतिम आवृत्तीत ओसिआंडरचे दीर्घ खंडन घातले. लक्षणीय हे की त्याच ठिकाणी ख्रिस्त अंतःकरणात वसतो व त्याच्याशी गूढ ऐक्य होते यालाही त्यांनी सर्वोच्च महत्त्व दिले. १५७७ च्या लूथरन सहमतिपत्राने अंतर्वास खरा, पण तो क्षमेचा पाया नसून तिच्यामागून येतो, असा निर्णय दिला. हेलसिंकीचे तुओमो मानेरमा व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकापासून, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चशी झालेल्या संवादाच्या निमित्ताने, ल्यूथर स्वतः या सहमतिपत्रापेक्षा अंतर्वासाच्या अधिक जवळ होते असे प्रतिपादले आहे. अनेक जर्मन अभ्यासक ते पूर्णपणे स्वीकारत नाहीत.

कल्पनेतील धोका इंग्लंडमधील एका घटनेने उघड झाला. ‘आतील ख्रिस्त’ ही शिकवण केंद्रस्थानी मानणाऱ्या क्वेकर पंथातील जेम्स नेलर यांनी १६५६ मध्ये ब्रिस्टल शहरात घोड्यावरून, अनुयायांच्या जयघोषात, येशूच्या यरुशलेमप्रवेशासारखा प्रवेश केला. आपण केवळ आतील ख्रिस्ताची खूण म्हणून हे केले, असा त्यांचा बचाव होता. संसदेने त्यांना ईशनिंदेबद्दल दोषी ठरवले, जीभ तापल्या लोखंडाने भोसकली व कपाळावर डाग दिला. पुढे १८७५ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथे सुरू झालेल्या मेळाव्यांनी ही शिकवण पुन्हा लोकप्रिय केली. आपल्या धडपडीने पवित्र होण्याऐवजी आतल्या ख्रिस्ताला जगू द्यावे, हे त्यांचे सूत्र. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफील्ड यांनी त्यात माणसाच्या जबाबदारीला जागा उरत नाही अशी टीका केली.

भारतात या कल्पनेला भक्तिपरंपरेची भाषा आयती मिळाली. गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘मयि ते तेषु चाप्यहम्’ (९:२९) या चरणात तीच दुहेरी दिशा आहे, आणि मराठी पवित्र शास्त्रातील ‘माझ्या ठायी’ हा शब्दप्रयोग ज्ञानेश्वरीच्या वाचकाला परका नाही. ‘ठाय’ म्हणजे स्थान. आत, बाहेर अशी भिंत तो शब्द घालत नाही. साम्य मोठे असले तरी पौलाच्या वचनात मधोमध एक वधस्तंभ, म्हणजे विशिष्ट काळी घडलेले मरण उभे आहे, हा फरक राहतोच. तमिळ धर्मचिंतक ए. जे. अप्पासामी (१८९१–१९७५) यांनी १९२७ मध्ये ख्रिस्ती धर्माची मांडणी भक्तिमार्ग म्हणून केली. योहानातील ‘राहणे’ म्हणजे स्वरूपाचे ऐक्य नव्हे, प्रेम व इच्छा यांचे ऐक्य, असे सांगताना त्यांनी शंकराचार्यांपेक्षा रामानुजांचा मार्ग जवळचा मानला. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगांतून ख्रिस्ताला माउली व गुरू म्हणून आळवले. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’मागे संप्रदायभेदापलीकडे ख्रिस्तभक्तांचा सत्संग उभारण्याची तळमळ होती.

अनुभवाच्या बाजूने मराठी मुलखातील सर्वांत स्वच्छ साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०७ मधील आत्मकथनात त्या सांगतात की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त स्वतः गवसला नव्हता. विद्वत्ता, प्रवास, विधवांसाठी शाळा हे सर्व चालू असताना ही उणीव त्यांना जाणवत होती. १८९८ मध्ये त्या केझिकच्या मेळाव्यालाही गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये मुलींमध्ये जे मोठे आध्यात्मिक जागरण झाले, त्यानंतरही सदनाचा दिनक्रम पूर्वीसारखाच चालू राहिला: दळण, विणकाम, छपाई, शेती आणि दुष्काळातून आलेल्या मुलींची एकाच पंगतीतली जेवणे.