गुडघे वाजतायत? वाजू देत की

चाळिशी ओलांडली की उठता-बसता गुडघा कटकन वाजतो आणि आपण लगेच ठरवून मोकळे होतो, झालं, वंगण संपलं! पण नुसता आवाज येतोय, दुखत नाही, सूज नाही, तर एवढं घाबरायचं काही कारण नाही. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो, दाब कमी झाला की त्याचा बुडबुडा होतो आणि कट्ट वाजतं, बोटं मोडतानाही हेच होतं. (डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 50 वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, संधिवात दोन्ही हातांना झाला नाही, 2009 मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळालं. काय चिकाटी म्हणायची!)

आता दुखण्याचं बघू. जिना उतरताना वाटीमागे कळ येते कारण तिथे वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते, हा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो, आणि पूर्ण उकिडवं बसलं तर अजून जास्त. गंमत म्हणजे कुर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला) दुखणं जाणवणाऱ्या नसाच नाहीत, दुखतं ते आजूबाजूचं अस्तर आणि खालचं हाड, म्हणूनच एक्सरेत झीज दिसूनही कोणी मजेत फिरतो आणि कोणाचा एक्सरे छान असूनही गुडघा ठणकतो. कुर्चेत रक्तवाहिन्याही नाहीत, स्पंजसारखी दाबली-सुटली की द्रवातून तिला पोषण मिळतं, त्यामुळे दुखतंय म्हणून महिनोन्महिने बसून राहणं हा सगळ्यात वाईट उपाय, त्यात मांडीचे स्नायू पण वाळतात आणि मग सगळा भार सांध्यावर.

तर करायचं काय? हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि परत बसताना धपकन न बसता सावकाश टेकायचं, मांडी भरून येईपर्यंत. खुर्ची बुटकी वाटली तर वर उशी ठेवा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखत असेल तर प्रमाण कमी करा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरतो. कुर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचे पुरावे उलटसुलट आहेत, मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

मात्र गुडघा सुजला, अडकून बसला, चालताना अचानक दगा द्यायला लागला तर डॉक्टरांना दाखवा, आणि लाल, गरम होऊन ताप आला असेल तर त्याच दिवशी.