मेसेजमधला ओटीपी आणि ॲपमधला कोड: दिसायला सारखे, जपायचे वेगळे

दोन्ही सहा आकडी, दोन्ही पासवर्डनंतर विचारले जातात. त्यामुळे नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणालाही विचारा, दोन्हींना ‘ओटीपी’च म्हणतील. पण एक बाहेरून सिमवर येतो आणि दुसरा मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्येच (गूगल ऑथेंटिकेटरसारखं कोड काढून देणारं ॲप) तयार होतो. विद्यापीठाच्या खात्याला यातला कोणता लावलाय हे ठाऊक नसेल, तर नंबर बदलल्यावर किंवा मोबाईल हरवल्यावर हमखास चुकीची धावपळ होते. गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ असो की म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, विद्यार्थी राज्यभर विखुरलेले. खातं अडकलं म्हणून उठून नाशिक गाठणं सगळ्यांना परवडत नाही.

आधी मेसेजचं पाहू. पासवर्ड बरोबर असला की सर्व्हर एक आकडा तयार करतो आणि मोबाईल कंपनीमार्फत तुमच्या नंबरावर पाठवतो. म्हणजे सिम चालू हवं, रेंज हवी आणि खात्यावरचा नंबर तुमच्याच हातात हवा. सुट्टीत सुरगाण्याला किंवा पेठला गावी गेलेल्या मुलाची गोची इथेच होते. मेसेज दहा मिनिटांनी पोहोचतो, तोवर कोडची मुदत संपलेली. मग तो ‘पुन्हा पाठवा’ तीनदा दाबतो, तीन मेसेज मागेपुढे येतात आणि तो पहिलाच कोड टाकतो. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की आधीचा बाद होतो. म्हणून एकदाच दाबा आणि थांबा.

नंबराचं दुखणं याहून मोठं. रिचार्ज न केलेलं सिम बंद पडलं, की ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तुमचे ओटीपीही त्याच्याकडे जाऊ लागतात. कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तरी तेच होतं. भर शहरात मोबाईलची रेंज अचानक गेली आणि परत आलीच नाही, तर आधी कंपनीला फोन करा. एक गोष्ट फॉर्म भरायच्या दिवसांत विशेष लक्षात ठेवा: बदली सिम घेतल्यावर साधारण २४ तास मेसेज येत नाहीत. शेवटच्या तारखेला सिम बदलायला जाऊ नका.

ॲपमधल्या कोडला सिम लागतच नाही. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन करता तेव्हा त्यात एक गुप्त किल्ली असते. ती सर्व्हरकडे राहते आणि तुमच्या ॲपमध्येही. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करून दोघेही दर ३० सेकंदांनी तोच आकडा काढतात. ही पद्धत २०११ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. फ्लाइट मोडवरही कोड मिळतो, त्यामुळे पेठच्या त्या मुलासाठी हाच मार्ग खरा.

विद्यापीठाचं खातं गूगलवर असेल तर: सुरक्षा, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, मग ऑथेंटिकेटर. क्यूआर स्कॅन करा आणि ॲपमधला कोड टाकून पक्कं करा. लगेच बॅकअप कोड काढा, म्हणजे मोबाईल हाताशी नसताना आत शिरायचे राखीव कोड. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून गुणपत्रिकांच्या फाईलमध्ये ठेवा. त्याच मोबाईलच्या गॅलरीत ठेवले, तर मोबाईलबरोबर तेही जातील. विद्यापीठाचं खातं असल्याने यातले काही पर्याय ॲडमिनने बंद ठेवलेले असू शकतात.

ॲपचा कोड वारंवार ‘चुकीचा’ येत असेल तर आधी घड्याळ पाहा. सर्व्हर थोडाफार फरक चालवून घेतो, पण घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असेल तर कोड जुळत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा.

दुसरी चूक महाग पडते. एमजी रोडवर जुना मोबाईल एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला, सिम टाकलं, ॲप उघडलं, तर ते रिकामं! किल्ली नंबरासोबत येत नसते. जुना फोन फॉरमॅट करण्याआधी गूगल ऑथेंटिकेटरमधल्या ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ने ती नव्यात न्या. आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकू नका. तो ज्याच्याकडे गेला, त्याच्या मोबाईलवर तुमचेच कोड तयार होतील.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारखेच कच्चे आहेत. खोट्या लॉगिन पानावर कोड टाकला, किंवा ‘विद्यापीठातून बोलतोय’ म्हणणाऱ्याला सांगितला, तर समोरचा तो तिथल्या तिथे खऱ्या पानावर वापरतो. तिथे पासकी (मोबाईल किंवा संगणकात साठवलेली, बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडणारी लॉगिनची किल्ली) किंवा सिक्युरिटी की (तेच काम करणारं छोटं वेगळं उपकरण) कामाला येते, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते.

आमच्या मते ॲप आणि बॅकअप कोड दोन्ही नीट बसले की मेसेजचा पर्याय काढून टाकावा. नाहीतर चोर ‘दुसऱ्या पद्धतीने’ दाबून तिथूनच शिरतो. घरात साधा बटणांचा फोनच असेल तर मेसेजच ठेवा; नुसत्या पासवर्डपेक्षा तो कितीतरी बरा.

मोबाईल हरवला तर? मेसेज लावलेला असेल तर सगळ्यात आधी सिम बंद करा. ॲप असेल तर बॅकअप कोडने आत शिरा, जुन्या फोनची जोडणी काढा आणि नवा क्यूआर स्कॅन करा. कोडही नसतील तर ओळखपत्र घेऊन विद्यापीठाच्या संगणक विभागाकडून रीसेट करून घ्या.