हायपो निघाला का?

धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. परवा माझ्या थेंबाखाली चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला. म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, हायपो, कागदात शिल्लक होतं. धुवायला तासभर ठेवला होता, पण प्रिंट एकमेकांना चिकटून ट्रेच्या तळाशी बसले होते. त्यांच्या मधून पाणी फिरलंच नव्हतं.

पंधरा वर्षांनी मी पुन्हा फायबर पेपरवर, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या फोटोच्या कागदावर, कृष्णधवल प्रिंट काढू लागले आहे. न्हाणीघराच्या दाराच्या फटीला काळं कापड लावलं की झाली डार्करूम. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, सरकवला, की थोड्या वेळात आधी केस दिसू लागतात, मग डोळे. प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षाराच्या कणावर चांदीचे मोजकेच अणू तयार झालेले असतात. त्यांच्या आधाराने डेव्हलपर अख्ख्या कणाची चांदी करतो. हे बघायला सगळ्यांनाच आवडतं. पण फोटो नातवंडांच्या हाती धड पोचेल की नाही, हे ठरतं नंतर, पाण्यात.

प्रकाश न लागलेले क्षार कागदावर राहिले तर उजेडात काळे पडतील. ते विरघळवून काढतो सोडियम थायोसल्फेट, म्हणजे आपला हायपो. त्याचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ मध्येच पाहिला होता. १८३९ मध्ये तो फोटो पक्का करायला वापरात आला. मात्र हाच हायपो कागदात राहून गेला, तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीला धरतं, सिल्व्हर सल्फाइड बनतं आणि फोटो पिवळट होऊन विरत जातो. फोटो फिके का पडतात हे शोधायला लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये समिती नेमली, तेव्हा तिनेही मुख्य दोष नीट न धुतलेल्या हायपोलाच दिला. माझा थेंब तपकिरी झाला तो याच सिल्व्हर सल्फाइडमुळे. प्रिंटवर पुढे कित्येक वर्षांत जे झालं असतं, ते दोन मिनिटांत दिसलं.

आरसी (रेझिन-कोटेड) पेपरला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा थर असतो. रसायन कागदात शिरत नाही, त्यामुळे दोन-चार मिनिटं धुतलं की भागतं. फायबर पेपर हा उघडा कागद. त्यावर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर, म्हणजे बॅरायटा, आणि वर जिलेटिनमध्ये बसवलेले चांदीचे क्षार. त्या गडद काळ्या छटेसाठी आणि हाताला लागणाऱ्या जाडीसाठीच मी त्याच्याकडे परत आले. पण त्याचे तंतू टिपकागदासारखे हायपो पितात. तो बाहेर येतो मुख्यतः विसरणाने: आत जास्त आणि बाहेर कमी असेल तोवरच तो पाण्यात उतरतो. आतबाहेर सारखं झालं की थांबला. म्हणून नळाची धार कितीही जोरात असली तरी उपयोग नाही. प्रत्येक प्रिंटला सतत ताजं पाणी भेटायला हवं.

पुण्यात एप्रिलमध्ये नळ तासभर सोडून ठेवणं मला पटत नाही. त्यामुळे हायपो मुळात आत मुरूच द्यायचा नाही, ही युक्ती मला फार मोलाची वाटते. अमोनियम थायोसल्फेटचा ताजा, कडक रॅपिड फिक्सर (फोटो लवकर पक्का करणारं द्रावण) घेतला तर १ मिनिट पुरतं. तेवढ्यात क्षार विरघळतात, पण तंतूंत खोलवर काही जात नाही. मग ५ मिनिटं पाणी आणि १० मिनिटं सोडियम सल्फाइटचं सौम्य द्रावण. सल्फाइटचे आयन तंतूंना आणि जिलेटिनला धरून बसलेल्या हायपोची जागा घेतात आणि त्याला मोकळं करतात. समुद्राच्या पाण्यात हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर निघतो, यावरूनच अशा द्रावणांची वाट सापडली. शेवटी पुन्हा साधं पाणी. मी ते ट्रेमध्ये सहा वेळा बदलते आणि प्रिंट एकेक करून वरखाली करते.

काल त्याच नेगेटिव्हचा नवा प्रिंट असा धुतला. थेंबाखाली जेमतेम पिवळसर छटा आली, तीही खिडकीशी नेऊन पाहिल्यावर. रात्री मच्छरजाळीच्या चौकटीवर तो पालथा टाकला. सकाळी कडा वळल्या होत्या आणि आईच्या कपाळावरचा उजेड थोडा मंदावला होता. फायबर पेपर सुकताना गडद होतोच. पुढच्या प्रिंटला एन्लार्जरखाली, म्हणजे नेगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी पाडणाऱ्या दिव्याखाली, १२ ऐवजी ११ सेकंद देणार आहे.